चार नंबर मेलेला नाही

मी चार नंबर बोलतोय. याहून बरं नाव मला कुणी ठेवलं नाही आणि आता ठेवून उपयोगही नाही. दिसायला म्हणाल तर जेवणाच्या काट्यासारखा आहे. तीन पोलादी दात, मागे काळं डोकं आणि डोक्यातून निघालेली लांबलचक वायर. जातीने सेन्सर. जमिनीत पुरलं की आजूबाजूला पाणी किती आहे आणि जागा किती गार आहे, एवढं सांगायचं. दुसरं काही येत नाही. खोटं बोलायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण त्याला लागणारी अक्कल माझ्यात घातलेलीच नाही.

जन्म कारखान्यातला. पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिलं, पुसलं, खोक्यात भरलं आणि २००३ सालच्या पानगळीत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला धाडून दिलं. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ज्या हातांनी खोकं उघडलं ते नीलांबरीचे. नागपूरची मुलगी, सिव्हिल इंजिनिअर, रस्त्यांवर पीएचडी करायला आलेली. दर शनिवारी तिच्या आईचा फोन यायचा आणि दर शनिवारी आई तेच विचारायची. "अगं, खराब रस्ते तर इथेही आहेत. त्यासाठी अमेरिकेत कशाला?" नीलांबरी हसायची. मी टेबलावर पडून ऐकायचो. मला तेव्हाच ती आवडून गेली.

आम्ही सहा भावंडं होतो. गावाबाहेर डोंगराच्या उतारावरून जाणाऱ्या एका रस्त्यात आम्हाला पुरलं. वर डांबर, खाली खडी, आणि खडीत आम्ही. मी रस्त्याच्या कडेला, उताराच्या बाजूला. रस्त्याच्या शेवटी, जिथून पुढे जंगलाची कच्ची वाट लागते, तिथे एकच घर होतं, पुरुषोत्तमकाका आणि मालिनीकाकूंचं. काका विद्यापीठात गणित शिकवून निवृत्त झालेले. काकू म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या मराठी विद्यार्थ्यांचं रविवारचं जेवण. खड्डा खणायच्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून हळदकुंकू आणलं आणि नीलांबरीने ते आम्हा सहाही जणांना लावलं. टाऊनशिपचा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा, रस्तेवाला डेल बघत उभा होता. हे कसलं केमिकल, असं त्याने विचारलं. "सेफ्टीसाठी," नीलांबरी म्हणाली. त्याने मान डोलावली आणि वर खडी लोटली.

आमच्या वायरी काकूंच्या ड्राइव्हवेजवळच्या एका पेटीत जात होत्या आणि पेटीला वीज त्यांच्या गॅरेजमधून. त्यामुळे तिथे कुणी काही बोललं की वायरीतून माझ्यापर्यंत पोचायचं. कसं, ते मला विचारू नका. मी ओलावा मोजणारा आहे, शास्त्रज्ञ नाही.

आता आम्हाला पुरलं कशासाठी, ते सांगतो. थंडीत खडीतलं पाणी गोठतं आणि रस्ता दगडासारखा टणक होतो. बर्फ वितळायला लागलं की तीच खडी चिखल होते, आणि तेव्हा एखादा जड ट्रक गेला तर रस्ता बसतो. म्हणून त्या भागात रीत आहे. बर्फ वितळायच्या दिवसांत रस्त्याच्या तोंडाशी वजनाच्या मर्यादेचा बोर्ड लावतात. तो बोर्ड कधी लावायचा आणि कधी काढायचा, हे आजवर अंदाजाने ठरायचं. नीलांबरीला ते कॉम्प्युटरने ठरवायचं होतं. ऊन, वारा, थंडी, पाऊस, बर्फ असं सगळं हवामान मॉडेलमध्ये घालायचं आणि रस्त्याच्या पोटात काय चाललंय ते बाहेर काढायचं. मॉडेल लिहीत होता केदार. पुण्याचा. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे स्वतःलाही चांगलं ठाऊक असलेला. मॉडेल म्हणजे एक रेघ आणि आम्ही म्हणजे ठिपके. रेघ ठिपक्यांवर बसली की मॉडेल खरं.

पहिले दोन हिवाळे रेघ आमच्यावर छान बसली. मला रस्त्याखाली करमायलाही लागलं होतं. सकाळी कचऱ्याची गाडी, मग काकूंची गाडी, दुपारी पोस्टाची. प्रत्येकीचं ओझं मी ओळखायचो. दुसऱ्या हिवाळ्यात दोन नंबर गेला. खरंच गेला, त्याच्या डोक्यात पाणी शिरलं आणि तो वेड्यासारखे आकडे ओकायला लागला. त्याला यादीतून काढलं ते बरोबरच झालं. पण माणसांना एकदा सवय लागली की लागली.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या बरोबर वर डांबराला एक चीर गेली. बाहेरून पाहिली तर केसाएवढी. बर्फ पडलं की डेलची गाडी रस्त्यावर मीठ टाकत जायची, ते मीठ विरघळून चिरेतून झिरपायचं आणि माझ्याभोवती साठायचं. मग कडाका पडला. बाकीच्यांच्या भोवती सगळं गोठलं. माझ्याभोवती तेवढीच थंडी होती, पण पाणी पाणीच राहिलं. गारढोण, खारट आणि पातळ. खडी त्यात सैल पोहत होती.

मी जे होतं ते सांगितलं. शून्याच्या खाली आहे, आणि ओलं आहे.

केदार पेटीपाशी लॅपटॉप घेऊन बसला आणि हसलाच. "चार नंबर मेला यार. मायनस तीनला पाणी आहे म्हणतोय."

"वायर लूज असेल," नीलांबरी म्हणाली. तिने वायर ओढून पाहिली.

"वायर ओके आहे. आतून गेलाय. दोन नंबरसारखा."

"पण दोन नंबर रँडम आकडे देत होता. हा सारखं तेच सांगतोय रे. खणून बघायचं का?"

एवढं ती बोलली, हे मी कधी विसरणार नाही. पण त्यांचे प्रोफेसर विटमर नको म्हणाले. एका सेन्सरसाठी चालू रस्ता कोण फोडू देणार? सेन्सर मरतातच, काढून टाका. नीलांबरीला पुढच्या वर्षी डिग्री हवी होती, कॅलिफोर्नियात नोकरी ठरत आली होती. तिने मला काढून टाकलं. मी जमिनीत होतो तिथेच राहिलो, आकडेही देत राहिलो, फक्त त्यांच्याकडे कुणी बघेना.

मला काढल्यावर रेघ ठिपक्यांवर अशी बसली की केदारने ड्राइव्हवेवर नाचायचंच बाकी ठेवलं. काकूंनी श्रीखंड केलं. घरातून हसण्याचे आवाज येत होते आणि मी खारट पाण्यात दात रोवून बसलो होतो. राग आला का? आला. बोलणाऱ्याला मेला म्हणतात तेव्हा राग येणारच. पण रागाहून भीती जास्त वाटत होती, कारण माझ्यावरची खडी दिवसेंदिवस सैल होत होती आणि हे मला एकट्यालाच माहीत होतं.

२००६ च्या अखेरीस टाऊनशिपने ते मॉडेल चाचणीसाठी घेतलं. ठरलं असं की मॉडेल रस्ता गोठला म्हणेल तेवढे दिवस बोर्ड काढायचा आणि डोंगरावरचे लाकडाचे ट्रक सोडायचे. डेल बोर्ड काढून काकूंच्या गॅरेजमध्ये ठेवायला आला, तेव्हा काकूंनी नीलांबरीला बाजूला घेतलं. पेटीच्या अगदी जवळ.

"हे बघ नीलांबरी, यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. दुसरा रस्ता नाही आपल्याला. एवढे जड ट्रक गेले तर रस्ता धरेल ना गं?"

"डोन्ट वरी काकू. सगळं व्हॅलिडेट केलंय. गोठलेला रस्ता म्हणजे दगड."

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. मी घसा फोडून ओरडलो असतो, पण मला घसा नाही. माझ्याकडे आकडा आहे, आणि तो मी दिला.

फेब्रुवारीत मोठं वादळ झालं. सगळीकडे बर्फाची साय धरली आणि डेलने पोतीच्या पोती मीठ ओतलं. मग कडक थंडी पडली. मॉडेल म्हणालं, गोठलं. सोमवारपासून ट्रक.

आदल्या दिवशी, रविवारी, काकांना आइस्क्रीम खायची लहर आली. दुकानातलं नको, पॉटमधलं. काकूंनी कुठल्याशा गॅरेज सेलमधून हाताने फिरवायचा जुना लाकडी पॉट आणून ठेवला होता. डायलिसिसवाल्या माणसाला पाणीसुद्धा मोजून मिळतं, तिथे आइस्क्रीम! काकू नाही म्हणाल्या. काका म्हणाले, "उद्या ते मशीन सगळं काढूनच घेणार आहे. आज दोन चमचे खाऊ दे."

पॉट ड्राइव्हवेवर मांडला. केदार हँडल फिरवायला बसला, नीलांबरी बर्फ ठासायला. काकूंनी ड्राइव्हवेवर टाकायच्या मिठाची पिशवी उचलून आणली आणि मूठमूठ मीठ बर्फावर टाकलं. बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. मग पॉटच्या बाजूच्या भोकातून पाणी बाहेर यायला लागलं आणि ते नीलांबरीच्या हातावर पडलं.

"आई गं! किती गार आहे हे!"

"बर्फाचं पाणी गारच असणार," केदार म्हणाला.

"नाही रे. बर्फापेक्षा गार आहे. आणि तरी पाणी आहे, गोठत नाहीये."

"मीठ घातलंय ना. गोठेल कसं?" खुर्चीतून काका म्हणाले.

नागपूरच्या उन्हाळ्यात असा पॉट नीलांबरीने शंभरदा फिरवला असेल, पुण्यात केदारने फिरवला असेल. बर्फात मीठ का घालतात हे दोघांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. नीलांबरीने ओल्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्ता वाळलेल्या मिठाने पांढरा झाला होता.

"केदार, मॉडेलमध्ये मीठ कुठे आहे?"

हँडल थांबलं. "मीठ नाहीये," तो म्हणाला. "मीठ हवामानात येत नाही ना. वरून पाऊस पडतो, बर्फ पडतं..."

"आणि मीठ डेल टाकतो."

ती पेटीकडे धावली. लॅपटॉप जोडला. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माझा आकडा उघडून पाहत होतं. तिने वर्षभराचे सगळे आकडे पाहिले. हिवाळा आला की मी ओला, उन्हाळा आला की शहाणा, पुन्हा हिवाळ्यात ओला. मेलेला सेन्सर असा वागत नाही. ती जमिनीवरच बसली. "चार नंबर खरं बोलत होता," एवढंच म्हणाली. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. आनंद नक्कीच नाही झाला. उद्या ट्रक येणार होते.

तिने विटमरना फोन लावला. ते म्हणाले, जो सेन्सर मेलाय असं आपण स्वतः लिहून दिलंय त्याच्या भरवशावर टाऊनशिपला घाबरवायचं नाही. दोन-तीन दिवसांत नीट दाखव, मग बघू. डेलच्या ऑफिसात रविवारी फोनवर निरोप घेणारं मशीनच बोलत होतं. तिने मशीनला सगळं सांगितलं. मग ती काकूंसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, माझं चुकलं. रस्ता दगड नाहीये. उद्या ट्रक सुरू व्हायच्या आत तुम्ही इथून निघा. आजच निघा. आमच्या अपार्टमेंटमध्ये राहा."

"तू म्हणाली होतीस सगळं तपासलंय म्हणून."

"म्हणाले होते."

"मग आता कोण सांगतंय?"

"चार नंबर. ज्याला आम्ही मेला म्हणून काढून टाकलं, तो."

नीलांबरीची मान खाली. काकाच म्हणाले, "मालिनी, बॅग भर. आधीच्या पायरीत चूक सापडली की तसंच पुढे रेटायचं नसतं. पोरीने सापडल्याबरोबर सांगितली, आणखी काय हवं?"

काकूंनी बॅग भरली, पण नीलांबरीशी एक शब्द बोलल्या नाहीत. आइस्क्रीम तसंच पॉटमध्ये राहिलं. जाण्याआधी नीलांबरी आणि केदारने गॅरेजमधला वजनाचा बोर्ड ओढत आणला आणि जंगलातून ट्रक रस्त्यावर उतरतात त्या तोंडाशी उभा केला. तसा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता.

सोमवारी सकाळी लाकडाने भरलेला पहिला ट्रक डोंगरावरून उतरला. ड्रायव्हरच्या हातात परवान्याचा कागद होता आणि समोर बोर्ड. त्याने वेग कमी केला, बोर्ड वाचला, कागद पाहिला आणि कागदावर विश्वास ठेवून हळूहळू पुढे आला. मला त्याचं ओझं लांबूनच कळलं. पुढची चाकं माझ्यावरून गेली. मागची आली तेव्हा खडी दोन्ही बाजूंना सरकली, डांबर वाकलं, चिरेपासून तुटलं आणि रस्त्याची कड मला घेऊन खाली गेली. ट्रक कलंडला. लाकडं उतारावरून धडधडत गेली. माझी वायर तुटली आणि मला ऐकू येईनासं झालं.

बोर्ड वाचायला ड्रायव्हरने वेग कमी केला नसता तर तो वाचला नसता, असं डेलने नंतर सांगितलं. जीव वाचला, पण त्या माणसाचा हात मोडला आणि पुढे कधी पुरता वळला नाही. नीलांबरी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटून आली. काय बोलणं झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. रस्ता कित्येक आठवडे बंद होता. त्या सोमवारी काका घरी असते तर त्यांना बाहेर काढायला वाट नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं.

बर्फ गेल्यावर मला मातीतून उकरून काढलं. एक दात वाकलेला, डोकं खरचटलेलं. नीलांबरीने नवी वायर जोडली आणि काकूंच्या गॅरेजमध्ये त्याच पॉटमध्ये वाळू, बर्फ आणि मीठ भरून मला त्यात खोचलं. विटमर समोर उभे होते. मी सांगितलं, शून्याच्या खाली आहे, आणि ओलं आहे. विटमरनी टोपी काढली. "काढून टाका असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. नीलांबरी मला हातात धरून रडली. काकू आतून आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

तिने मला प्रबंधात परत घेतलं. त्यामुळे रेघ पुन्हा ठिपक्यांवरून सरकली, सगळं काम नव्याने करावं लागलं आणि वर्ष गेलं. कॅलिफोर्नियातली नोकरी हातची गेली. काका पुढच्या पानगळीत गेले, आपल्या आजाराने. काकूंना सगळे म्हणाले, गावात राहायला या. त्या हलल्या नाहीत. यंदा, २००८ च्या जानेवारीत, नीलांबरीला डिग्री मिळाली आणि ती दूर टेक्सासला नोकरीवर गेली. जिथे बर्फ पडत नाही अशा ठिकाणी. जाताना मला पुसून प्रयोगशाळेतल्या फळीवर ठेवून गेली. वाकलेल्या दाताचा सेन्सर पुन्हा रस्त्यात पुरत नाहीत.

तर आता मी फळीवर असतो. रस्ता नवा झालाय, त्यात नवे सहा सेन्सर आहेत. केदार अजून इथेच आहे, आता त्याच्या हाताखाली मुंबईचा अनीश काम करतो. मॉडेलमध्ये केदारने मीठ घातलंय. टाऊनशिप पुन्हा विचारते आहे, ट्रक कधी सोडू.

आज दुपारी अनीश खुर्ची फिरवून म्हणाला, "केदार, नवा चार नंबर मेला यार. मीठ धरूनसुद्धा मॅच होत नाहीये. कडाक्याच्या थंडीत ओलं दाखवतोय. काढून टाकू? शुक्रवारी पेपर सबमिट करायचाय."

केदारचा हात चहाच्या कपावर होता. तो तसाच राहिला. त्याने वर पाहिलं, फळीकडे, माझ्याकडे. अजून तो काही बोललेला नाही.

केदार, त्या खड्ड्यात यंदा काय शिरलंय ते मला माहीत नाही. मी इथे कोरडा पडलोय, तो तिथे खाली आहे. कदाचित तो खरंच मेला असेल, दोन नंबरसारखा. पण हे इथल्या खुर्चीत बसून कळणार नाही, एवढं तुला माझ्यापेक्षा कुणी जास्त शिकवलेलं नाही. त्या रस्त्याच्या शेवटी काकू आता एकट्या राहतात, आणि रस्ता धरेल का असं त्या आता कुणालाच विचारत नाहीत.

बाहेर थंडी आहे, जाकीट घाल. पोराला बरोबर घे, कुदळ घे. पण ऊठ बाबा.